थर्ड बेस चुकला, मी पाहिलं

"नीट झाडा हं मॅडम. सवय असेल ना, घरातच आहे."

असं तो म्हणाला. माईकवर नाही, पण मांडवातल्या पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी तेव्हा होम प्लेटपुढे वाकले होते. अंगावर अंपायरचा निळा शर्ट, मास्क डाव्या काखेत, उजव्या हातात ब्रश.

बेसबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. होम प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली पांढरी रबराची पाटी. बॅटर तिच्यापाशी उभी राहून बॉल मारते आणि फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा तीन बेसना पाय लावून परत त्या पाटीवर येते. आली की एक रन. पाटीवर माती बसते. ती माती अंपायरनंच काढायची, दुसऱ्या कुणी नाही. त्याचीही एक रीत आहे. प्रेक्षकांकडे पाठ करून वाकायचं नाही, वाईट दिसतं. पाटीच्या पुढे जायचं, मैदानाकडे पाठ करायची, लोकांकडे तोंड करायचं आणि मग वाकायचं. म्हणजे तुम्ही झाडत असता तेव्हा समोरच्यांची तोंडं तुम्हाला दिसत असतात.

मला दिसली. बोलणारा त्या शाळेचा ट्रस्टी. मैदान त्यांचं, स्पर्धा त्यांची, मांडव त्यांचा, आणि फायनलला त्यांचीच टीम. त्याच्या शेजारच्या दोन बायका हसल्या. एकीनं तोंडावर हात धरला, तेवढी तरी लाज होती. ट्रस्टीच्या उजव्या हाताला आमचे सर बसले होते. ज्यांनी मला अंपायर केलं ते सर, या स्पर्धेचे चीफ अंपायर. तेही हसले.

ट्रस्टीचं काही वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं. पण त्याहून जास्त लागलं ते वेगळं. माझी आई रस्ते झाडते हे त्या अख्ख्या मैदानावर एकाच माणसाला माहीत होतं. मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. विश्वासानं.

मी प्लेट झाडली. कोपऱ्यातली मातीसुद्धा काढली. मागे गेले, मास्क चढवला आणि म्हणाले, "प्ले."

आई नेरूळला रस्ते झाडते. महापालिकेची नाही, ठेकेदाराची माणूस. पप्पा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी होते. पाठ गेली तेव्हापासून घरी. आमचं गाव जालना जिल्ह्यात, पण गावाला आमचं आता कुणी नाही आणि होतं तेव्हाही गावाबाहेरच होतं. शिरवण्यात एका आगरी मालकाच्या चाळीत आमची खोली. मी रबाळ्याला कंपनीत पॅकिंगला आहे. सहा दिवस उभं राहून खोकी चिकटवायची. रविवार तेवढा माझा.

बेसबॉल महापालिकेच्या शाळेत भेटला, आठवीत. पीटीच्या बाईंना टीम न्यायची होती आणि नऊ पोरी हव्या होत्या. आठ जमल्या. कॅचर, म्हणजे प्लेटमागे बसून बॉल पकडणारी, व्हायला कुणी तयार नव्हतं, कारण कॅचरच्या मास्कला सतरा जणींच्या घामाचा वास. मी म्हटलं, द्या इकडं. मला तो मास्क आवडला. जाळीतून सगळं दिसतं आणि आपलं तोंड कुणाला दिसत नाही. आपल्यासारख्या पोरीला अजून काय पाहिजे.

शाळा संपली, खेळ संपला. बारावीनंतर कंपनी. मग तीन वर्षांपूर्वी त्याच बाईंनी फोन केला, जिल्ह्याच्या संघटनेनं अंपायरचं तीन दिवसांचं शिबिर ठेवलंय, मुली नाहीत, येतेस का. मी तीन दिवस आजारी पडले, म्हणजे कंपनीला तसं कळवलं, आणि गेले.

शिबिर त्या ट्रस्टीच्याच शाळेच्या मैदानावर होतं. तिथं सर भेटले. बँकेतून रिटायर झालेले, तीस वर्षं अंपायरिंग केलेले. पांढरेशुभ्र बूट. बोलणं असं स्वच्छ की आपण मध्ये बोललो तर डाग पडेल असं वाटायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आडनाव?"

सांगितलं.

"गाव?"

सांगितलं.

"अच्छा. अच्छा. छान. तुमच्यातल्या मुली पुढे आल्या पाहिजेत."

खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. मूर्ख. आई काय करते विचारलं तर तेही सांगून टाकलं, वर हसून म्हटलं, "सर, या शाळेच्या गेटसमोरचा रस्तासुद्धा आईच्याच हद्दीत येतो." सर म्हणाले, "श्रमाची लाज बाळगू नये." मी मान डोलावली. ज्यांनी कधी झाडू धरला नाही त्यांना हे वाक्य फार छान म्हणता येतं.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सरावाची मॅच होती. मी सेकंड बेसपाशी अंपायर. एक मुलगा धावत आला, सेकंडला पायच लावला नाही, बाजूनं थर्डला पळाला. मी स्वच्छ पाहिलं. मूठ उगारली आणि ओरडले, "आऊट."

सरांनी शिट्टी मारून मॅच थांबवली. मला मधोमध बोलावलं. भोवती चाळीस माणसं, त्यातल्या बायका तीन.

"अपील कुणी केलं?"

"कुणी नाही सर. पण त्यानं पाय..."

"अपील कुणी केलं?"

"नाही केलं."

"मग तू कोण?"

सरांनी मग सगळ्यांना नियम समजावला, माझ्याकडे बोट ठेवून. रनर बेस चुकला तर अंपायरनं ते बघायचं आणि मनात ठेवायचं. चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. समोरच्या टीमनं बॉल घेतला, त्या बेसवर पाय ठेवला आणि अपील केलं, तरच आऊट द्यायचा. कुणी अपील केलं नाही तर तो रन धरायचा. अंपायरनं आपण होऊन चुगली करायची नाही.

इथपर्यंत ठीक होतं. चूक माझीच होती. मग ते हसून म्हणाले, "यांचं कसं असतं, अन्याय दिसला की लगेच मोर्चा."

चाळीस माणसं हसली. मीही हसले. ते हसणं मला अजून माफ करता येत नाही, माझं स्वतःचं. वहीत मी नियम लिहून घेतला. त्यांचं शेवटचं वाक्य लिहिलं नाही. ते लिहावं लागलं नाही.

पण नियम मला घोटून पाठ करायचा होता. परत कुणी "मग तू कोण" म्हणायला नको. घरी वहीवर डोळे फोडून काही होत नाही, पाय दिसावे लागतात. म्हणून चाळीसमोरच्या बोळात मी तीन चपला आणि एक पायपुसणं मांडलं आणि आईला पळवलं. आई कामावरून आलेली, अंगात ठेकेदाराचं हिरवं जाकीट, साडी वर खोचलेली. चपला म्हणजे बेस, पायपुसणं म्हणजे होम प्लेट. म्हटलं, कधी पाय लाव, कधी चुकव, मला सांगू नको. आई पन्नाशीची, पण लई खट. चुकवायची असली की माझ्याकडे बघून हसायची, म्हणजे माझं लक्ष तोंडाकडे जावं आणि पाय सुटावा.

मालकीण आजी दारातून ओरडली, "काय गो, आयशीला कशाला पलवतेस? परल ना ती."

आई थांबली, धापा टाकत. मला विचारते, "मंग म्या चुकले हे तुला दिसलं, तरी तू गप राहायचं?"

"हो. कुणीतरी विचारेपर्यंत."

"आन कुणी इचारलंच नाही तर?"

"तर रन."

आई पायरीवर टेकली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "मंग ह्यात शिकायचं काय हाय? हे तर आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या येतंय."

मी तिला सांगितलं, आई, अपील करता येतं. करायची मुदतही असते. पुढचा बॉल पडायच्या आत. आणि शेवटच्या रनवर मॅच संपली असं वाटलं, तर पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, आणि बेस राखणाऱ्या पोरी सगळ्या रेषेबाहेर जाईपर्यंत. त्यांतली एक जरी पोरगी आत राहिली तरी अपील जिवंत. आईनं ते नीट ऐकलं. मग उठली, बोळातल्या गटाराच्या झाकणावर एक पाय ठेवला, दुसरा बाहेर, आणि म्हणाली, "म्या अजून हाय हितंच. बघ, संपली का तुझी म्याच?"

ब्रशसुद्धा आईच्या ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडचा. रंगाचा ब्रश, दोन इंची, खिशात मावावा म्हणून दांडी करवतीनं कापलेली. आई म्हणाली, "माझा लांब दांड्याचा, तुझा बारका. एवढीच तरक्की." तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

परीक्षा पास झाले. जिल्ह्याच्या पॅनेलवर, म्हणजे अंपायरच्या यादीत आले. रविवारी मॅच मिळायला लागल्या. आणि मास्कचं सुरू झालं.

अंपायरचे मास्क संघटनेचे, दोनच. एकाची मॅच संपली की दुसऱ्यानं तोच चढवायचा. सगळे तसाच घालतात, दुसऱ्याचा घाम गालाला लागला तरी. माझ्यानंतर तसं होत नव्हतं. नितीन म्हणून माझ्याबरोबरचा अंपायर होता. मी मास्क काढून दिला की तो खिशातून सॅनिटायझरची बाटली काढायचा, आतल्या पट्ट्यांवर फवारायचा, रुमालानं पुसायचा, मग घालायचा. मी विचारलं तर म्हणाला, "लेडीज आहे ना, म्हणून." पॅनेलवर अजून एक बाई होत्या, मैदानाच्या पुढच्या गल्लीत त्यांचा मोठा फ्लॅट. त्यांचा मास्क तो तसाच घालायचा. मी दहा मॅच हे बघितलं. बघितलं आणि मनात ठेवलं. शिकवलंच होतं तसं.

सर म्हणायचे, पुढच्या वर्षी तुझं नाव राज्याच्या पॅनेलला पाठवतो. पाठवायचं म्हणजे त्यांच्या सहीनं. राज्याचं पॅनेल म्हणजे बाहेरच्या जिल्ह्यांत मॅच, पुढची परीक्षा, ब्लेझर. मला ते पाहिजे होतं. फार पाहिजे होतं. खोकी चिकटवताना मी तेच डोळ्यांसमोर आणायची. म्हणून मास्कचं गिळलं, मोर्चाचं गिळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर "थँक्यू सर".

तर ती फायनल. सतरा वर्षांखालच्या मुली. एकीकडे यजमान शाळा, दुसरीकडे दिघ्याची महापालिकेची शाळा. यजमानांना दोन कोच आणि पाण्याच्या गार बाटल्यांचा अख्खा डबा. दिघ्याच्या पोरींना एक बाई आणि नळ. प्लेटमागे खरं तर नितीन उभा राहणार होता, पण सकाळी त्याच्या पाठीत चमक भरली, वाकता येईना. म्हणून प्लेट मला मिळाली. नितीन बेसवर. दोन अंपायर असले की काम वाटलेलं असतं. बॅट मारून पळणारी नितीनची. आधीपासून बेसवर असलेली रनर थर्डकडे निघाली की ती माझी.

झाडण्याचं ते वाक्य तिसऱ्या इनिंगला आलं. त्यानंतर चार इनिंग मी कशी उभी राहिले माझं मला माहीत. पण एक बॉल चुकवला नाही. रागात मला जास्त स्वच्छ दिसतं.

शेवटची इनिंग. चार-चार बरोबरी. यजमानांची बॅटिंग, त्यांच्या दोघी आऊट. तिसरी आऊट झाली असती तर मॅच पुढे वाढली असती. फर्स्ट बेसवर त्यांची कॅप्टन, हरणासारखी पळणारी पोरगी. पुढच्या बॅटरनं बॉल जोरात मारला, दोन फील्डरच्या मधून थेट कुंपणाला. कॅप्टन सुटली. सेकंड झालं. मी मास्क काढून थर्डच्या दिशेनं पुढे पळाले आणि तिच्या पायावर डोळे लावले. तोंडाकडे बघायचं नाही, हे मला आईनं शिकवलं होतं.

ती थर्डला वळली. पाय आतल्या बाजूला पडला. बेसपासून वीतभर लांब. माती उडाली, बेस हलला नाही. तशीच ती होमला गेली, प्लेटवर दोन्ही पायांनी उडी मारली.

पाच-चार. बँड वाजायला लागला. मांडव उभा राहिला. पोरी कॅप्टनच्या अंगावर पडल्या.

मी काही बोलले नाही. हातही हलवला नाही. परत येऊन प्लेटपाशी उभी राहिले. दिघ्याच्या पोरी रेषेबाहेर चालायला लागल्या. फर्स्टवाली गेली. सेकंडवाली गेली. थर्डवाली रडत गेली. सेकंड आणि थर्डच्या मध्ये, शॉर्टला होती ती मान खाली घालून गेली. त्यांतली आत उरली फक्त पिचर, आणि तीही का, तर ती मातीत बसून ढसाढसा रडत होती म्हणून. उठली असती तर संपलं होतं. मनात म्हणत होते, रड बाई, अजून थोडं रड.

त्यांची कॅचर माझ्यापासून तीन हातांवर, प्लेटमागे उभी होती. प्रणाली. नाव मला स्कोअरशीटवरून माहीत, त्याआधी तिला मी कधी पाहिलंही नव्हतं. ती थर्डकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर प्लेटवर ठेवली. देवाशपथ म्हणायची आमच्यात रीत नाही, पण माझ्या आईची शपथ, मी पापणीही हलवली नाही.

प्रणाली एकदम ओरडली, "बॉल. बॉल दे लवकर." कुंपणाजवळून कुणीतरी बॉल फेकला. ती तो घेऊन थर्डला पळाली, बेसवर दाणकन पाय आपटला, बॉल वर धरला.

"मॅडम, अपील. रनरनं थर्डला पाय लावला नाही."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं होतं.

मी मूठ उगारली. "आऊट. रन रद्द."

बँडवाल्यांना कळलंच नाही, ते वाजवत राहिले.

सर मांडवातून जवळजवळ पळत आले. मला टेबलापाशी नेलं. ट्रस्टी खुर्चीत, लाल झालेला. त्यानं मला काही विचारलं नाही. त्यानं स्कोअरशीट ओढली, एका ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या.

"हिचं आडनाव बघा. आणि ह्या कॅचरचं आडनाव बघा. हिनंच खूण केली पोरीला. आपसात असतं यांचं."

मी सरांकडे पाहिलं. सरांना माहीत होतं मी खूण करणारी नाही. चाळीस माणसांत त्यांनीच मला न बोलायला शिकवलं होतं. ते म्हणाले, "तसं नसेल... पण दिसतं तसं."

नितीनला विचारलं. तो म्हणाला, "मी बॅटर बघत होतो." हे खरं होतं. म्हणजे राहिले मी एकटी.

सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ.

"हे बघ. लिही की अँगल नव्हता, नीट दिसलं नाही. एवढंच. तुझ्यावर काही येणार नाही. नवीन अंपायरला होतं असं."

"सर, मला दिसलं."

"तुझ्या भल्यासाठी सांगतोय. राज्याची यादी उद्या जाते."

डोळ्यांसमोर ब्लेझर आला, ब्लेझरमधली मी आली. रबाळ्याचा तो चिकटपट्टीचा वासही आला. सही म्हणजे दोन सेकंदांचं काम. सगळे करतात.

मी म्हटलं, "सर, तुम्हीच शिकवलंत ना, विचारलं की सांगायचं. आता तुम्ही विचारताय. ती थर्ड चुकली. वीतभर. मी पाहिलं."

मग त्यांचा आवाज मऊ राहिला नाही. "तुम्हाला वर घेतलं की तुम्ही डोक्यावरच बसता."

"तुम्हाला" म्हणाले. दोन वर्षं मला "तू" म्हणत होते. त्या "तुम्हाला"मध्ये मी होते, आई होती, प्रणाली होती, आमचं गावाबाहेरचं सगळं गाव होतं.

अंपायरनं डोळ्यांनी पाहून दिलेला निर्णय दुसऱ्या कुणालाही बदलता येत नाही. हाही नियम सरांनीच शिकवलेला. म्हणून त्यांनी माझं पाहणं खोडलं नाही. त्यांनी लिहिलं, अपील वेळेत झालं नाही, सर्व खेळाडू मैदानाबाहेर गेल्या होत्या. रन कायम. यजमान विजयी. पिचर तेव्हाही तिथंच मातीत बसलेली होती, पन्नास पावलांवर. सगळ्यांना दिसत होती.

कागद माझ्यापुढे सरकवला. "प्लेट अंपायर, सही."

मी पेन उचललं. मग टेबलावर ठेवलं. म्हटलं, "नाही करणार."

काही वीज चमकली नाही. ट्रस्टी उठून बक्षिसं वाटायला गेला. सरांनी कागद तसाच घडी करून खिशात घातला. नितीननं माझ्या हातातून मास्क घेतला आणि माझ्यासमोरच बाटली काढून फवारायला लागला. पुढे मॅच नव्हती. तो मास्क कुणीच घालणार नव्हतं. तरी.

गेटपाशी प्रणाली आली, गळ्यात दुसऱ्या नंबरचं मेडल.

"मॅडम, मी बरोबर होते ना?"

"बरोबर होतीस."

"वेळेत होतं ना?"

"वेळेत होतं."

"मग?"

तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि ती गेली. ते "मग" माझ्याकडे राहिलं. अजून आहे.

घरी आईला सांगितलं. मला वाटलं आई पाठीवरून हात फिरवेल. आई भाकरी थापत होती, थांबली नाही. "सही केली असतीस तं राज्याला गेली असतीस," म्हणाली. मग पुढचा गोळा घेत, "म्या केली असती. ठेकेदार म्हणल त्या कागदावर म्या जलमभर केली." तव्यावरची भाकर करपली. आईनं ती काढून स्वतःच्या ताटात घेतली.

दुसऱ्या दिवशी अंपायर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढलं. राज्याची यादी गेली, माझ्याशिवाय. मी जिल्ह्याला अर्ज दिला, राज्याला दिला, परत जिल्ह्याला दिला. फोनवर एकदा कुणीतरी म्हणालं, विषय संपलाय. प्रणालीच्या बाई एकदा नेरूळ स्टेशनला भेटल्या. प्रणालीनं दहावीनंतर खेळ सोडला. मी विचारलं नाही का ते. रविवार आता रिकामा असतो आणि रिकामा रविवार कंपनीपेक्षा लांब असतो.

काही बदलणार नाही हे मला कळतं. मी वेडी नाही. त्या शाळेची ट्रॉफी काचेच्या कपाटात आहे. सर अजून शिबिरं घेतात. कुणीतरी नवीन मुलगी त्यांना आडनाव सांगत असेल आणि तिला बरं वाटत असेल.

पण त्या मैदानावर मॅच असली की मी जाते. निळा शर्ट घालते. आत सोडत नाहीत, म्हणून मैदानाभोवतीच्या दोरीबाहेर उभी राहते, थर्ड बेसच्या बरोबर समोर. वॉचमनला पहिल्यांदा वाटलं मी ड्युटीवर आहे. आता तो ओळखतो, उभं राहू देतो. सर मांडवातून बघतात आणि मान वळवतात. गेल्या महिन्यात मात्र उठून दोरीपर्यंत आले.

"कशाला येतेस? संपलं ते."

"आतली एक जरी बाहेर गेली नाही, तरी अपील जिवंत असतं सर. तुमचाच नियम."

"तू आत नाहीयेस."

ते बरोबर होतं. मी दोरीच्या बाहेरच होते. मी खाली पाहिलं, दोरी उचलली आणि एक पाय आत ठेवला. सर परत गेले. मी मॅच संपेपर्यंत तशीच उभी राहिले. कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही.

मैदानात कुणी विचारेपर्यंत गप्प राहायचं, तो नियम बरोबर आहे. मी तो कधी मोडला नाही आणि मोडणार नाही. पण तो मैदानातला नियम आहे. आईनं, तिच्या आईनं, आम्ही सगळ्यांनी तो घरी आणला, रस्त्यावर नेला, ठेकेदारासमोर पाळला, मास्क पुसणाऱ्यासमोर पाळला. तो तिथला नव्हताच. कुणी विचारणार नव्हतं आणि आम्ही वाट बघत बसलो.

त्या कागदावर माझ्या सहीची जागा कोरी आहे. ती कोरीच राहणार. येत्या रविवारी मॅच आहे, मी जाणार. पाय दोरीच्या आत ठेवणार. कुणी विचारलं तर सांगणार. नाही विचारलं तरी सांगणार, सरांना, ट्रस्टीला, नितीनला, जो समोर येईल त्याला, नाव घेऊन आणि मोठ्यानं.

ती थर्ड चुकली होती. मी पाहिलं. आऊट.